ग्रेडिएंट : रंगांच्या उताराचे तंत्र आणि मर्यादा

सूर्यास्तानंतरच्या आकाशात क्षितिजाजवळचा केशरी रंग नेमका कोठे संपला आणि माथ्यावरचा निळा कोठे सुरू झाला, हे बोट ठेवून सांगता येत नाही. दोन्ही रंग स्पष्ट दिसतात, पण त्यांच्यामध्ये रेघ नसते. एका रंगाचे दुसऱ्या रंगात किंवा एका छटेचे दुसऱ्या छटेत असे हळूहळू होणारे रूपांतर म्हणजे संगणकाच्या परिभाषेतील ‘ग्रेडिएंट’. छायाचित्र संस्करणाच्या बहुतेक सर्व सॉफ्टवेअरमध्ये हे साधन असते. मात्र लग्नपत्रिकेची किंवा फ्लेक्सची झगमगीत पार्श्वभूमी भरण्यापलीकडे त्याचा वापर क्वचितच केला जातो. वास्तविक उजळून पांढरे पडलेले आकाश सावरणे, दोन छायाचित्रे बेमालूम सांधणे, चित्रावरील मजकूर वाचनीय करणे अशी कितीतरी कामे या एका साधनाने होतात. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर विकत घेण्याची अथवा त्याची चोरटी प्रत वापरण्याची गरज नाही. ‘गिम्प’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे साधन पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहे.

गरज जुनी, साधन नवे

रंगांचा उतार ही संगणकाची देणगी नव्हे. जपानमधील लाकडी ठशांच्या छपाईत ‘बोकाशी’ नावाचे तंत्र होते. छपाई करणारा कारागीर ओलसर ठशावर रंग एका कडेला दाट ठेवी आणि दुसऱ्या कडेकडे पुसत पुसत फिका करीत नेई. १८३०च्या दशकातील होकुसाई आणि हिरोशिगे यांच्या निसर्गचित्रांत आकाशाच्या वरच्या कडेला दिसणारा आणि खाली विरत जाणारा निळा पट्टा याच तंत्राने साधलेला आहे.

छायाचित्रणात ही गरज वेगळ्या कारणाने निर्माण झाली. आकाश आणि जमीन यांच्या उजेडात मोठे अंतर असते. एकोणिसाव्या शतकातील काचेच्या ओल्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत. त्यामुळे जमीन नीट दिसावी म्हणून पुरेसा प्रकाश घेतला की आकाश कोरे पांढरे पडे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७च्या सुमारास काढलेल्या सागरदृश्यांपैकी काहींमध्ये यावर तोडगा काढला. त्यांनी समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी निगेटिव्ह वापरून क्षितिजाच्या रेषेवर दोहोंचा सांधा जुळविला. पुढे कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लावायची, वर गडद आणि खाली पारदर्शक अशी काच आली. संगणकातील ग्रेडिएंट हा याच काचेचा वारस आहे. फरक इतकाच, की ही काच छायाचित्र काढून झाल्यावरही लावता येते आणि नको असल्यास काढूनही टाकता येते.

‘गिम्प’ची ओळख

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५मध्ये ‘गिम्प’च्या विकासास प्रारंभ केला. १९९६मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. पहिली पूर्ण आवृत्ती १९९८मध्ये, तर दुसऱ्या पिढीतील पहिली आवृत्ती २००४मध्ये आली. सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, त्याच्या प्रती कराव्यात, त्यात सुधारणा कराव्यात आणि त्या पुढे वाटाव्यात, अशी मुभा देणाऱ्या ‘जीएनयू’ परवान्याखाली ते दिले जाते. लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्ही प्रणालींवर ते चालते.

ग्रेडिएंटच्या दृष्टीने २०१८ची २.१० ही आवृत्ती महत्त्वाची ठरली. तोपर्यंत या साधनाचे नाव ‘ब्लेंड’ असे होते आणि एकदा रेघ ओढली की रंग कायमचा बसे. रेघ चुकली तर ‘अन्डू’ करून पुन्हा ओढणे एवढाच मार्ग उरे. २.१०पासून ‘ग्रेडिएंट’ हे नाव आले आणि ओढलेली रेघ चित्रावरच सरकविण्याची, लांबविण्याची व तिच्यात नवे रंग भरण्याची सोय झाली. मार्च २०२५मध्ये ३.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुढील विवेचन २.१० आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांना लागू आहे.

साधन कसे चालते?

साधनपेटीतील ‘ग्रेडिएंट’ निवडावे किंवा कळफलकावरील ‘जी’ हे अक्षर दाबावे. त्यानंतर माऊसचे बटण दाबून चित्रावर एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत रेघ ओढावी. पहिल्या बिंदूवर एक रंग, दुसऱ्यावर दुसरा रंग आणि दरम्यान दोहोंचे मिश्रण अशी ही रचना असते. रेघ जितकी लांब तितका बदल संथ, आणि जितकी आखूड तितका तो तीव्र, हे सूत्र लक्षात ठेवले म्हणजे निम्मे काम झाले. ओढताना ‘कंट्रोल’ कळ दाबून ठेवल्यास रेघ पंधरा-पंधरा अंशांच्या टप्प्यांतच वळते. त्यामुळे ती अचूक उभी किंवा आडवी ठेवता येते. रेघेची टोके मनाजोगती सरकवून झाली की ‘एंटर’ दाबावे. ‘एस्केप’ दाबल्यास सर्व रद्द होते.

रंग भरण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे रंगांची जोडी. ‘फोरग्राउंड टू बॅकग्राउंड’ हा पर्याय निवडल्यास साधनपेटीत दिसणाऱ्या पुढच्या आणि मागच्या रंगांत उतार तयार होतो. ‘फोरग्राउंड टू ट्रान्स्परंट’मध्ये पुढचा रंग हळूहळू पारदर्शक होत जातो. छायाचित्राच्या कामात हा दुसरा पर्याय अधिक उपयोगी पडतो, कारण त्याच्याखालचे चित्र झाकले जात नाही. ‘डी’ दाबल्यास रंग काळा-पांढरा होतो आणि ‘एक्स’ दाबल्यास पुढचा रंग मागे व मागचा पुढे जातो.

दुसरी गोष्ट आकाराची. ‘लिनिअर’ म्हणजे सरळ उतार. आकाशासाठी तोच योग्य. ‘बाय-लिनिअर’मध्ये तोच उतार सुरुवातीच्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना पसरतो. ‘रेडिअल’ हा दिव्याच्या उजेडासारखा मध्यापासून चहूकडे जातो. चेहऱ्याभोवतीच्या कडा किंचित गडद करून नजर मध्यावर आणायची असेल तर तो वापरावा. याखेरीज चौकोनी, शंकूसारखे, सर्पिल आणि निवडलेल्या भागाच्या कडेनुसार वळणारे प्रकारही आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे रंग कोठे भरायचा. चित्राचा एखादा भाग आधी निवडलेला नसेल तर ग्रेडिएंट पूर्ण लेयरवर पसरतो. लेयर म्हणजे चित्रावर ठेवलेला पारदर्शक कागद. ग्रेडिएंट मूळ छायाचित्रावर कधीही थेट भरू नये, तो नेहमी नव्या लेयरवर भरावा. असे केल्यास मूळ चित्राला धक्का लागत नाही आणि लेयरची ‘ओपॅसिटी’ कमी करून परिणाम हवा तितका सौम्य करता येतो.

पांढरे पडलेले आकाश

समजा, दुपारच्या वेळी गडावर काढलेल्या छायाचित्रात बुरूज व्यवस्थित दिसतो आहे, परंतु आकाश फिकट झाले आहे. अशा वेळी मूळ चित्रावर नवा पारदर्शक लेयर घ्यावा आणि त्याचा ‘मोड’ बदलून ‘मल्टिप्लाय’ करावा. या मोडमध्ये वरचा आणि खालचा रंग यांचा गुणाकार होतो. परिणामी खालचा तपशील कायम राहून फक्त गडदपणा वाढतो. पुढचा रंग म्हणून चित्रातील आकाशाशी जुळणारा, थोडा करडा निळा निवडावा. ‘फोरग्राउंड टू ट्रान्स्परंट’ घेऊन चित्राच्या वरच्या कडेपासून क्षितिजाच्या किंचित वरपर्यंत सरळ रेघ ओढावी. शेवटी ओपॅसिटी कमी करीत आणावी. डोळ्यांना ‘काही केले आहे’ असे जाणवेनासे झाले की तेथे थांबावे.

अडचण येते ती क्षितिज सपाट नसते तेव्हा. बुरूज, झाड किंवा देवळाचा कळस आकाशात घुसलेला असेल तर ग्रेडिएंटचा निळा रंग त्याच्यावरही चढतो. येथे ‘लेयर मास्क’ कामी येतो. मास्क म्हणजे लेयरवर घातलेला मुखवटा होय. त्यावर पांढरा रंग असेल तेथे लेयर दिसतो, काळा असेल तेथे झाकला जातो आणि करडा असेल तेथे अर्धवट दिसतो. पांढरा मास्क जोडून बुरुजावर मऊ कडेच्या काळ्या ब्रशने रंगविले की तेवढ्या भागातून निळी झाक निघून जाते.

तथापि या उपायाची मर्यादा ओळखली पाहिजे. आकाश फिकट असले तरी त्यात ढगांचा अंधूक आकार शिल्लक असेल तर तो गडद होऊन पुन्हा दिसू लागतो. परंतु कॅमेऱ्याने आकाश पूर्ण पांढरे, म्हणजे तिन्ही रंगांचे मूल्य २५५, असे नोंदविले असेल तर तेथे ढगाची कोणतीही माहिती उरलेली नसते. पांढऱ्याला निळ्याने गुणले की निळाच मिळतो. तो निळा रंग त्या दिवशीच्या आकाशाचा नसून संस्करण करणाऱ्याच्या पसंतीचा असतो. हरवलेला तपशील ग्रेडिएंट परत आणत नाही. तो हरवल्याचे फक्त झाकतो.

दोन छायाचित्रांचा सांधा

म्हणूनच अधिक खरा मार्ग छायाचित्र काढतानाच पत्करावा लागतो. कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवून एकाच दृश्याची दोन छायाचित्रे काढावीत : एक जमिनीच्या उजेडाला जुळणारे आणि दुसरे आकाशाच्या उजेडाला जुळणारे. ‘गिम्प’मध्ये दोन्ही एकाच फाईलमध्ये दोन लेयर म्हणून उघडावीत. आकाशाचे वर आणि जमिनीचे खाली असा क्रम ठेवावा. वरच्या लेयरला पांढरा मास्क जोडावा, मास्क निवडलेला असल्याची खात्री करावी आणि क्षितिजाच्या थोडे वरून थोडे खालीपर्यंत पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारा सरळ ग्रेडिएंट ओढावा. वर पहिले छायाचित्र, खाली दुसरे आणि मध्ये दोहोंचे सरमिसळ झालेले रूप दिसू लागते. सांधा कोठे आहे हे शोधूनही सापडत नाही.

ल ग्रे यांनी दोन निगेटिव्ह जुळवून जे साधले, तेच हे काम आहे. यातील आकाशही खरे आणि जमीनही खरी असते. मास्कवर ओढलेला ग्रेडिएंट रंग भरत नाही. कोणते छायाचित्र कोठे व किती दिसावे, एवढेच तो ठरवितो. या साधनाचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच म्हणावा लागेल.

मजकुरामागचा पडदा

निमंत्रणपत्रिका, पुस्तकाचे मुखपृष्ठ किंवा कार्यक्रमाचे भित्तिपत्रक यांत छायाचित्रावर अक्षरे छापण्याची प्रथा आहे. पाने, गर्दी, दगडी भिंत अशा गुंतागुंतीच्या भागावर अक्षरे आली की ती वाचता येत नाहीत. मग अक्षरांना जाड किनार, सावली, चमक असे अलंकार चढविले जातात आणि वाचनीयता आणखी घटते. देवनागरीत हा दोष अधिक जाणवतो. कारण शिरोरेषेवरील मात्रा आणि अनुस्वार यांसारखी नाजूक चिन्हे पार्श्वभूमीत प्रथम हरवतात.

याला सोपा उपाय म्हणजे अक्षरे आणि छायाचित्र यांच्यामध्ये एक लेयर घेऊन त्यावर काळा ते पारदर्शक असा ग्रेडिएंट मजकुराच्या बाजूने ओढणे. ओपॅसिटी निम्म्याच्या आसपास ठेवली तरी पांढरी अक्षरे उठून दिसतात आणि छायाचित्रावर काळी पट्टी चिकटविल्यासारखे वाटत नाही. संकेतस्थळांवरील मजकुरासाठी ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम’च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामान्य आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे म्हटले आहे. अंधूक दिसणाऱ्यांसाठी हा फरक निर्णायक ठरतो.

पट्टे का उमटतात?

संथ उतारात कधीकधी पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. याचे कारण अंकगणितात आहे. नेहमीच्या आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. आकाशातील एखाद्या रंगाचे मूल्य १८० पासून २३० पर्यंत जात असेल तर हाती केवळ ५० पायऱ्या येतात. हा बदल १५०० पिक्सेल उंचीवर पसरला की प्रत्येक पायरी ३० पिक्सेल रुंद होते आणि डोळ्याला ती पट्ट्यासारखी जाणवते.

यावर दोन उपाय आहेत. साधनाच्या पर्यायांतील ‘डिदरिंग’ चालू ठेवल्यास दोन पायऱ्यांच्या सीमेवर ठिपक्यांची सूक्ष्म सरमिसळ होऊन कडा मोडते. दुसरा उपाय म्हणजे ‘इमेज’ मेनूतील ‘प्रिसिजन’मध्ये जाऊन आठऐवजी सोळा किंवा बत्तीस बिटांवर काम करणे. ही सोय २.१० आवृत्तीपासून मिळाली. काम चालू असेपर्यंत फाईल ‘एक्ससीएफ’ या ‘गिम्प’च्या स्वतःच्या प्रकारात जतन करावी, म्हणजे सर्व लेयर शाबूत राहतात. ‘जेपेग’ प्रत अगदी शेवटी ‘एक्स्पोर्ट’ने काढावी.

मधला रंग मळकट का होतो?

लाल आणि हिरवा यांच्यात ग्रेडिएंट ओढल्यास मध्यभागी शेवाळी, मळकट रंग येतो, असा अनुभव अनेकांना येतो. दोन्ही रंगांच्या आकड्यांची सरळ सरासरी घेतली जाते, तेव्हा मध्यावर लाल १२८ आणि हिरवा १२८ असे मूल्य येते. परंतु संगणकातील हे आकडे प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणात नसतात. १२८ हा आकडा पूर्ण प्रकाशाच्या निम्म्याचा नव्हे, तर सुमारे एक पंचमांशाचा निदर्शक असतो. प्रकाशाचीच सरासरी घेतली तर तो आकडा १८८च्या जवळपास येतो आणि मधला रंग उजळ पिवळसर दिसतो.

‘गिम्प’मध्ये ‘ब्लेंड कलर स्पेस’ या पर्यायाने ही निवड करता येते. ‘पर्सेप्च्युअल’ ही पहिली पद्धत, ‘लिनिअर’ ही दुसरी. काळा-पांढरा उतार डोळ्याला समान वाटावा यासाठी पहिली पद्धत बरी. भडक रंगांच्या मिश्रणासाठी दुसरी. हेही न जमल्यास रेघेवर मध्ये क्लिक करून तिसरा रंग घालता येतो. केशरी आणि निळा यांच्या दरम्यान फिकट गुलाबी ठेवला तर संध्याकाळचे आकाश अधिक नैसर्गिक वाटते.

जुन्या छायाचित्राचा तपकिरी रंग

ग्रेडिएंटचा आणखी एक उपयोग चित्रावर रेघ न ओढता होतो. ‘कलर्स’ मेनूतील ‘मॅप’मध्ये ‘ग्रेडिएंट मॅप’ हा पर्याय आहे. त्यात चित्रातील सर्वांत गडद भागाला ग्रेडिएंटच्या डाव्या टोकाचा, सर्वांत उजळ भागाला उजव्या टोकाचा आणि मधल्या भागांना त्या त्या प्रमाणातील रंग मिळतो. पुढचा रंग गडद तपकिरी आणि मागचा फिकट सायीसारखा ठेवल्यास कृष्णधवल छायाचित्राला जुन्या काळची झाक येते. एकाच कुटुंबातील निरनिराळ्या काळची, निरनिराळ्या प्रमाणात पिवळी पडलेली छायाचित्रे एका स्मरणिकेत छापायची असतील तर त्यांना एकसारखा रंग देण्यास हा मार्ग फार सोयीचा आहे. मात्र मूळ स्कॅन वेगळा जपून ठेवावा. तो दस्तऐवज असतो; तपकिरी प्रत ही केवळ सजावट होय.

मर्यादा कोठे आखावी?

गडद-उजळ करणे ही निरुपद्रवी गोष्ट वाटते. पण ती तशी नेहमीच नसते. ‘टाइम’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या २७ जून १९९४च्या अंकाच्या मुखपृष्ठावर, खुनाचा आरोप असलेला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र मुद्दाम गडद करून छापले गेले. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तेच छायाचित्र फेरफार न करता छापले. दोन्ही अंक विक्रीच्या टेबलावर शेजारी शेजारी आले आणि फरक सर्वांना दिसला. चेहरा अधिक काळा करून आरोपीला अधिक भयावह दाखविल्याची टीका झाली. चित्रात कोणतीही वस्तू जोडलेली अथवा काढलेली नव्हती. बदलली होती ती केवळ छटा.

‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही २०१५मध्ये शेवटच्या आधीच्या फेरीत पोहोचलेल्या प्रवेशिकांपैकी सुमारे २० टक्के अपात्र ठरल्या. मूळ फाईलशी ताडून पाहता त्यांत अमान्य फेरफार आढळले होते. कोपरे इतके गडद करणे, की तेथील माणसे किंवा वस्तू दिसेनाशा व्हाव्यात, हा छटांचा खेळ राहत नाही. तो तपशील पुसण्याचाच प्रकार ठरतो.

यावरून एक साधी कसोटी मांडता येते. भित्तिपत्रक, पत्रिका, मुखपृष्ठ यांत रंग ही सजावट असते आणि पाहणाऱ्यालाही ते ठाऊक असते. तेथे ग्रेडिएंट मुक्तपणे वापरावा. परंतु बातमी, पंचनामा, पिकाच्या किंवा घराच्या नुकसानीचा पुरावा, वैद्यकीय नोंद अशा ठिकाणी छायाचित्र हे साक्षीदार असते. तेथे कॅमेऱ्याने पाहिले नाही ते आकाश रंगविणे किंवा त्याने पाहिलेला कोपरा अंधारात ढकलणे म्हणजे साक्ष बदलणे होय. मूळ फाईल न बदलता जपून ठेवणे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

ग्रेडिएंट हे साधन शिकायला एक दुपार पुरते. ते किती वापरावे, हे कळायला अधिक काळ लागतो. सांधा दिसू न देणे हीच या साधनाची शक्ती आहे आणि त्याच कारणाने ते हाती घेणाऱ्यावर जबाबदारीही येते; कारण जेथे रेघ दिसत नाही, तेथे ती कोठे आखायची हे वापरणाऱ्यालाच ठरवावे लागते.